नायलॉन काढायचं नाही

शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला, शाळा मी लवकर सोडली, मोठे शब्द मला येत नाहीत, जसं बोलतो तसंच लिहितो... पण तुम्हीच सांगा, दिवा लागतो, ट्रे उघडतो, आणि कॉम्प्युटर म्हणतो, ओळखत नाही! ह्याला माणसानं करायचं तरी काय? मी चारचौघांत बोलायला लाजतो हो, तुमच्यापुढे बोलतोय ते केवळ पोटात मावत नाही म्हणून!

आमचं गाव दमनहूर, इजिप्तमधलं. आमच्या गावात ज्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसेल त्याला इंजिनियर म्हणतात. माझं नाव शहाता, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून मी इंजिनियर शहाता. आणि हाजी मुतवल्लींची मुलगी अबीर... म्हणजे, तिच्यासाठी मी मागणी घातली होती. आता मागणी घातली की थोरल्यांनी बसायचं, हात पुढे धरून फातिहा वाचायची, म्हणजे लग्न ठरलं. एवढंच राहिलं होतं! पण हाजी म्हणाले, "थोरल्याचं मत आल्याशिवाय फातिहा नाही." थोरला म्हणजे त्यांचा मुलगा सबरी, तो कुवेतला. त्यानं त्याचं मत पाठवलं, आणि कशावर पाठवलं? डिस्कवर! कॅमेऱ्यापुढे बसून, चेहऱ्यासकट!

मी म्हटलं, "हाजी, फोन करून विचारू या ना."

"फोनवर माणसाचं तोंड दिसतं का?"

"मग माझ्या दुकानात लावू या."

"माझ्या मुलीचं लग्न तुझ्या गिऱ्हाइकांसमोर ठरवू? आमच्या कॉम्प्युटरला डिस्कचं काय ते बसव. इंजिनियर आहेस ना?"

आहे, म्हटलं. नाही कसं म्हणणार?

नवीकोरी ड्राइव्ह घेऊन मी गेलो. खोकं उघडलं आणि तुम्हाला सांगतो, इथेच माझं नशीब फुटलं. ड्राइव्हवर नायलॉनची पातळ पिशवी होती, मी ती काढायला लागलो, तेवढ्यात अबीरची आई, सगळे तिला खाला म्हणतात, स्वयंपाकघरातून अशी धावत आली, जशी गॅसवर चादर पेटलीय!

"अरे अरे अरे! नायलॉन काढायचं नाही!"

"खाला, आत बसवायचीय..."

"मग बसव की! नायलॉनसकट बसव! नवी वस्तू आहे, धूळ बसेल, नजर लागेल!"

आता त्या घराचं मी काय सांगू? सोफ्यावर नायलॉन, बसलं की चर्र वाजतं, उन्हाळ्यात उठताना माणूस सोलून निघतो. रिमोटला नायलॉन. फ्रिजच्या दाराचं नायलॉन पिवळं पडलंय पण जागचं हललेलं नाही. सबरी कुवेतला गेला तेव्हा त्याच्या खोलीतली गादीसुद्धा हिनं परत गुंडाळून ठेवली. अशा बाईला मी, होणारा जावई, समोर बघायची पंचाईत, मी काय सांगणार? म्हटलं, बरं खाला. पुढून ट्रेपुरतं कापलं, बाकी तसंच ठेवून आत सरकवली, मागून वायरी दाबून बसवल्या. घट्ट गेल्या जरा. म्हटलं, नवी आहे, घट्टच जाणार!

चालू केलं. दिवा लागला! ट्रे उघडला! हाजींनी दाढीवरून हात फिरवला. आणि कॉम्प्युटर? ओळखत नाही.

बंद केलं, परत चालू केलं. दिवा लागतो, ट्रे उघडतो, ओळखत नाही. मागच्या वायरी काढून परत दाबून बसवल्या. ओळखत नाही. वायर बदलली, दुसरं टोक लावलं, सेटिंग उघडून पाहिली... तिथे ड्राइव्हचं नावच नाही! जणू जन्मालाच आली नाही! आणि समोर दिवा बघा, लुकलुक, लुकलुक, मला डोळा मारतोय!

तोवर घर भरलं. संध्याकाळची मगरीबची नमाज झाली तसे मामा आले, दोन काका आले, वरच्या मजल्यावरचे फिक्री मास्तर तर बोलावल्याशिवाय आले. मांडीवर रव्याच्या बसबूसाची बशी, आणि मला सल्ले!

"इंजिनियर, डिस्क जरा गरम करून बघ, कुवेतहून आलीय, इथली हवा मानवत नसेल."

"मास्तर, तिला हवा लागत नाही."

"मग अरबी येत नसेल तिला!"

मामा म्हणाले, "उलटी घातली असेल." काका म्हणाले, "आमच्या वेळी कॅसेट होती, दोन थपडा मारल्या की गात होती." आणि खालाने आणली धुपाची वाटी! कॉम्प्युटरभोवती सात वेळा फिरवली, माझ्याभोवतीही फिरवली, सगळा धूर पंख्याने आत ओढला, पंखा खोकायला लागला, मीही खोकायला लागलो. दिवा लागतो, ट्रे उघडतो... तुम्हाला पाठच झालं असेल आता!

हाजी मामांकडे झुकून हळूच म्हणाले, पण मला ऐकू येईल इतपतच हळू, "साधी डिस्क लावता येईना, संसार काय लावणार?"

असं वाटलं, त्याच ट्रेमध्ये बसावं आणि आत जावं.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन अबीर आली. माझ्यापुढे वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "मागचं नायलॉन काढलंत का?"

"तुमच्या आईनं नको सांगितलं."

"माझ्या आईचं ऐकून इस्त्रीही नायलॉनसकट तापवली होती आम्ही! काढा तुम्ही. मी तिला आत अडकवते." आणि मोठ्यानं, "आई! महशीचा कोबी करपतोय गं!"

खाला आत पळाली. मी बाजूने हात घातला, वायर उपसली, आणि बघतो तर काय! विजेच्या पिना जाड, त्या नायलॉन फाडून आत घुसलेल्या, म्हणून दिवा, म्हणून ट्रे. पण कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या बारीक पिना बिचाऱ्या नायलॉनखाली बुरखा घेऊन बसलेल्या! कॉम्प्युटर ओळखणार कसा? ओढलं नायलॉन, फर्रकन फाटलं, वायर दाबली, चालू केलं... ओळखलं!

पडद्यावर सबरी! घर ओरडलं! सबरी घसा खाकरून म्हणतो, "अब्बा, शहाताची चौकशी केली मी. मुलगा साधा आहे, कष्टाळू आहे. माझा होकार आहे. बाकी आई म्हणेल तसं."

हाजींनी हात पुढे धरले, मामांनी धरले, मास्तरांनी बशी खाली ठेवून धरले. खालाने आनंदाने जीभ हलवून उलुलु करायला तोंड उघडलं... आणि तशीच राहिली. तिची नजर माझ्या हातावर. घामाच्या हाताला नायलॉन चिकटलेलं! झटकलं तर दुसऱ्या हाताला चिकटलं, तिथून पॅन्टला!

"फाडलंस?"

"खाला, पिना..."

"नव्या वस्तूचं नायलॉन पहिल्याच दिवशी फाडलंस! अरे, माझी मुलगी तू नव्यासारखी ठेवणार आहेस का?"

सबरी पडद्यावर हसतोय. हाजींनी खालाकडे बघितलं, मुलगा काय म्हणाला ते आठवलं, आणि पुढे धरलेले हात हळूच गुडघ्यांवर ठेवले. मग मामांनी ठेवले. मास्तरांनी तर परत बशी उचलली.

मी घरी गेलो. जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडायच्या आधीच मी नायलॉनवाल्याच्या दारात उभा. चांगलं जाड घेतलं. हाजींच्या घरी गेलो, सरळ ड्राइव्ह बाहेर काढली आणि गुंडाळली. पुढून, मागून, बारीक पिनांवरून, कडेला चिकटपट्टी लावून, अशी गुंडाळली की तिच्या कंपनीनेही गुंडाळली नसेल. आत सरकवली, चालू केलं. दिवा लागला.

खाला चष्मा लावून आली, वाकून मागे बघितलं, बोटानं दाबून बघितलं. "आता कशी नवी दिसतेय! पोरगं हाताचं चांगलं आहे हो," म्हणाली, आणि अशी उलुलु केली की वरून फिक्री मास्तर धावत आले. हाजींनी तिला दुसरं काही सापडायच्या आत तिथल्या तिथे फातिहा वाचून टाकली. दाराआड अबीर तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

मी डोळे पुसतोय, तर हाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"बेटा, सबरीला कळवलं. तो म्हणाला, मुबारकबादीची डिस्क पाठवतो. शुक्रवारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय. लावशील ना?"