जादू कमी करायचा नियम

फासे टाकून राक्षस मारायचा खेळ आम्ही सोलापुरात खेळलोय, तोही सत्तरच्या दशकात! माझ्या मामानं अमेरिकेहून त्याच्या नियमांची पुस्तिका आणली होती. कॉलेज सुटलं की आम्ही साखर पेठेत व्यंकटेशच्या घरी जमायचो. तो जादूगार, अक्कलकोटचा मल्लिनाथ योद्धा आणि मी खेळ चालवणारा.

पण जादूगार फार भारी पडायचा. मल्लिनाथ तलवार उपसेपर्यंत व्यंकटेश सगळे राक्षस जाळून मोकळा. एक दिवस मल्लिनाथ चिडून उठलाच. "जादू लई झाली. कमी करा, न्हायतर मी उद्यापासनं येत न्हाय."

तो गेला असता तर खेळच संपला असता. म्हणून मी तिथंच नवा नियम काढला. जादू करायची तर आधी मोठ्यानं लांबलचक मंत्र म्हणायचा. अडखळलास की जादू फुकट.

व्यंकटेशनं डोळे मिटले आणि घरच्या तेलुगूत असा खणखणीत मंत्र म्हटला, की आम्हाला शब्द कळला नाही, पण अंगावर काटा आला. राक्षस मेले. दुसरा मंत्र त्याहून लांब. मल्लिनाथ चपला शोधू लागला.

तेवढ्यात व्यंकटेशची आई भज्यांची परात घेऊन बाहेर आली आणि आम्हाला म्हणाली, "यानं कांद्याची सांगितली, पण घरात कांदे नाहीत. मिरचीची केलीत. आणि चहात आलं घाल म्हणतोय, तुम्हाला चालेल ना?"

मी जादूगाराकडे बघतच राहिलो. मल्लिनाथ मात्र दोन भजी तोंडात कोंबून खाली बसला.

"नियम झकास हाय की," तो म्हणाला. "आता जादू आजिबात कमी करू नका."