आपली मशीन मधात अडकते

हॅलो?… हॅलो, पिंकी?… बोल माय, बोल. नाई व, झोपलो नव्हतो. शेलूबाजारात भरदुपारी कोण झोपते, ट्रकचे भोंगे झोपू देतात का?… बरं झालं तूनंच फोन केला. तुले एक गोष्ट सांगतो. पण आधीच सांगून ठेवतो, यावर कोणी इश्वास ठेवणार नाई. तुह्या मायनं नाई ठेवला, अन् थे त तिथंच उभी व्हती.

…हो, हो, शिवणकामाच्या केंद्राचंच. सरकारच्या… अवं ऐक ना! उद्घाटनाले तालुक्याचे साहेब आले. खुर्चीत बसूनच भाषण सुरू केलं, अन् हात वर केला त सदरा बगलेत उसवला. म्या म्हणलं, साहेब, तुमी बोला, मी शिवतो. लावली मशीन त्यायच्या बगलेले. अशी पळाली, अशी पळाली… साहेब उठले त संग खुर्चीबी उठली! गादीसकट शिवल्या गेले. तसेच जीपमधी बसून मंगरूळपीरले गेले म्हणतात…

हास, हास. मले माहीत व्हतं तू हासशीन.

…काय?

…आज?… आजच देतं राजीनामा?… कंपनीतल्या मॅडमच्या केबिनबाहेर उभी हाये?… कागद हातात?

…नाई नाई, चूप नाई झालो. ट्रक गेला एक.

…हो, शिवणाची मास्तरीन म्हणूनच. म्याच त सांगतलं व्हतं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, पोरं कमी झाली म्हणून रिकाम्या पडल्या ना खोल्या, त्यातच हाये केंद्र. तू दुसरीत जिथं बसत व्हती ना, थेच खोली. तिथंच आता तू शिकवशीन. पोरी रांग लावून उभ्या हायेत, म्हणतात पिंकी मॅडम कवा येते. रऊफभाई टेलरची पोरगी सबिहा त रोज इचारते, केंद्र कवा उघडते…

म्हणजे… सकाळी कवा उघडते, असं.

…कुलूप?… कोणं सांगतलं?… सबिहानं फोन केला व्हता?… अवं, तिले काय समजते! आन् कुलूप हाये म्हणजे त चांगलंच हाये. रिकाम्या घराले कोणी कुलूप लावते का? आत माल हाये म्हणून लावलं.

…कोणाचा म्हणजे? सरकारचा.

…आपली मशीन? तिले काय झालं? घरीच हाये. खिडकीजवळ, नेहमीच्या जागी.

…हातानं? कवा?… काल व्हिडिओत दिसली? माय हातानं टाके घालत व्हती?… थे शाळेचे गणवेश हायेत व. दरसाल आपल्याकडंच येते ना कापड, हेडमास्तरनं गठ्ठा आणून टाकला… हातशिलाई मजबूत असते, म्हणून. पोट्टे लय फाडतात.

…एक मिनिट थांब हो माय, तुही आई काहीतरी म्हणते.

(गंगू, हळू बोल. हात ठेवला म्या फोनवर… नाई सांगतलं… कसं सांगू? काय सांगू? सरकारच्या मशीनी आल्याच नाईत, म्हणून फोटोपुरती आपली दे म्हणले, अन् मीच मोठ्या हौसेनं डोक्यावर वाहून नेली, असं सांगू? रऊफभाईनंबी त्याची नेली. साहेबाच्या लोकायनं त्यावर सरकारी आकडे रंगवले, फोटो काढले, खोलीले कुलूप लावलं. जुना साहेब बदलून गेला अन् नवा म्हणते, आकडा हाये म्हणजे सरकारी माल हाये, वरून आदेश आणा… समजते मले, तिची नोकरी जाईन. सगळं समजते. पण उघडीन ना कवातरी! खोली हाये, बोर्ड हाये, पोरी हायेत… अन् तुले सुईत दोरा ओवता येत नाई आता. एक गणवेश शिवाले दोन दिवस लागतात आपल्याले. शाळा सुरू झाली, पोट्टे जुन्याच कपड्यात जाऊन राह्यले. पोरगी घरी आली असती त… तू रडू नको. तिले ऐकू जाईन.)

हां, बोल पिंके… काही नाई, तुही माय म्हणे पोरीले सांगा, येताना गरम कपडे घेऊन ये.

…हो, जूनमधी. म्हातारी झाली थे.

…काय ऐकवू?… मशीन?… मशीनचा आवाज ऐकला की लगेच कागद देतं आत?… पोरी, बापावर इश्वास नाई तुह्या?

…बरं. बरं! ऐकवतो. त्यात काय. थांब, खिडकीजवळ जातो.

(गंगू, ताट दे… अवं दे ना! चमचा… पाया पडतो तुह्या, दे.)

हां. ऐक आता. बसलो बरं का… पाय ठेवला…

टकटकटकटकटकटकटकटकटक…

ऐकलं? आता लंबी शिलाई ऐक, पँटीची.

टकटकटकटकटकटकटकटकटकटकटकटकटकटकटकटक…

कशी वाटली?… हॅलो?… पिंकी?… रडून राह्यली का व?

…काय?… लय सरळ चालली?… मंग! तेल टाकलं ना काल.

…हो… हो, आपली मशीन मधात अडकते… हो, चालता चालता थांबते, चाकाले थाप मारावी लागते… लहानपणी तूच मारत व्हती, बाजूले उभी राहून… हो माय, एवढी लंबी शिलाई तिनं कधीच नाई मारली.

…काय म्हणलं? मोठ्यानं बोल, ट्रक हाये.

…ताट?

…मायचं जेवाचं ताट वळखलं?

…

…फाडला?… कागद फाडला?… बरं केलं, माय. बरं केलं.