सफरचंदांच्या बंद खोलीत

पोस्टातल्या बाई दवाखान्यात कान दाखवायला आल्या होत्या. डावा बंद पडला होता, पण उजव्या कानाला शेजारच्या बाकावरचं सगळं ऐकू येत होतं. तिथे फळांच्या शीतगृहातला म्हातारा मुकादम आणि त्याच्या हाताखालच्या गड्याची आई बसली होती.

"उद्या घरी सोडणार म्हणे. मुकादमभाऊ, तुमच्यामुळे माझं लेकरू हाती लागलं."

"दोरी त्याच्या कमरेला होती, ताई. मी नुसती ओढली."

"पण आत ना धूर, ना आग. मग तो पडला कशानं?"

"सफरचंदांनी पाडलं."

"चेष्टा करता होय?"

"खरंच सांगतो. तोडलेलं फळ लगेच मरत नाही. त्याच्या पेशी जगायचं म्हणून आपल्यातलीच साखर थोडी थोडी जाळतात, आणि त्याला प्राणवायू लागतो. अगदी आपल्यासारखंच. चार महिने बंद असलेली खोली ती! आतला प्राणवायू फळांनीच संपवला."

"अगंबाई! म्हणजे बिनजाळाची चूलच की."

"म्हणून दार उघडून आधी तासभर थांबायचं असतं. तुमच्या चिरंजिवांनी दोरी बांधली, पण दम धरला नाही."

"आणि तुम्ही दारात उभे होतात, देवासारखे."

"देव कसला! एरवी त्या वेळी मी दोरी खुंटीला बांधून चहाला जातो."

"मग?"

"त्या दिवशी त्यानं चहाचा थर्मास माझ्या हातात दिला. म्हणाला, आईनं तुमच्यासाठी पाठवलाय, इथंच प्या."

"...साखर बेताची पडली होती ना हो?"