दासबाबूंना फुटलेला घाम

कोलकात्यात थंडी किती पडते ते विचारू नका, तिची धास्ती किती ते विचारा. आईच्या गुडघ्यांसाठी मी हीटर चालेल असा दणकट इन्व्हर्टर घेतला. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळीच वीज गेली, तर मजल्यावरची तिन्ही कुटुंबं माकडटोप्या घालून आमच्या खोलीत हजर. दोनदा चहा झाला, गप्पा रंगल्या. शेजारचे दासबाबू टोपी काढत म्हणाले, "मशीन जबरदस्त आहे हो तुमचं. घाम फुटला."

मी म्हटलं, "घ्यायची तर वस्तू अशीच घ्यावी."

हीटरला पाय लावून बसलेली आई त्यांना कळू नये म्हणून मराठीत म्हणाली, "अरे, हा कधीचाच गार पडलाय. सांगू नकोस, माणसं उठून जातील."