फुफीच्या बकऱ्या आणि दोन कॅमेरे

युसरा : अब्बा, तुम्ही हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार पायांवर चालून दाखवाल का? एकदाच.

(महबूला, कुवेत. चौथ्या मजल्यावरचं घर. शुक्रवारची दुपार, जेवणं झालेली. पडदे ओढून हॉलमध्ये अंधार केलेला.)

अब्बा : आठवडाभर अम्गऱ्याच्या गोदामात पत्रे नि पाइप मोजून आलेल्या माणसाला, जुम्म्याच्या दिवशी, बिर्याणीच्या दुसऱ्या ताटानंतर, हा प्रश्न?

युसरा : प्रश्न माझा नाही. माझ्या मैत्रिणींनी, शाझिया आणि रसिकाने, पैज लावली आहे. शाझिया म्हणाली, युसरा डिबेटमध्ये कितीही बोलू दे, घरी अब्बांना हे विचारायची तिची हिंमत नाही. रसिका म्हणाली, विचारेल, पण तिचे अब्बा ऐकणार नाहीत. मी विचारलं, म्हणजे शाझिया हरली. आता रसिकाला हरवणं तुमच्या हातात आहे. हातात आणि गुडघ्यांत.

अब्बा : हुस्ना, ऐकतेस ना? एक ट्रॉफी मिळाली पोरीला, तर बापाला जनावर करायला निघाली.

अम्मी : ऐकतेय. आणि स्टुलावर ते दोन डबे काय बांधलेत, तेही बघतेय. युसरा, आधी माझी ओढणी सोड त्यांच्यावरून.

युसरा : डबे नाहीत अम्मी, ट्रेल कॅमेरे आहेत. जंगलात झाडाला बांधायचे. समोरून काही हललं की आपोआप फोटो काढतात, अंधारातसुद्धा. डावीकडचा स्वस्तातला, माझ्या ईदीच्या पैशांतून आणलाय, दुकानदार उद्यापर्यंत परत घेईल. उजवीकडचा रसिकाच्या बाबांचा. लक्ष्मीकांत काका हिवाळ्यात वाळवंटात कोल्हे बघायला लावतात तो. त्यांनी नवा घेतला, म्हणून हा विकतायत. पण निम्म्या किमतीलासुद्धा तो माझ्याच्या चौपट आहे. तर मला आज ठरवायचंय, कुठला घ्यायचा.

अम्मी : हे बघ, बिल्डिंगमध्ये कुठे लावलास तर हारिस, आपला वॉचमन, वर येईल. जिन्यात नाही, लिफ्टजवळ नाही.

युसरा : इथे नाहीच लावायचा. गुरुवारी आपण गावाला जातोय ना? तिथे. मुबीन चाचांच्या वालाच्या शेतात.

अब्बा : अच्छा. म्हणजे बकऱ्यांचं चाललंय तर.

युसरा : हो.

अब्बा : तो विषय संपला गो. मी शब्द दिलाय मुबीनला. रविवारी आम्ही भाऊ बसणार, आणि आमच्या बहिणीच्या, कुबराच्या, बकऱ्या बाजारात जाणार. भात कापलं, त्याच ओलीवर वाल टाकला त्याने, रोज उठून बघतो तर कोंब खुडलेले. किती दिवस सोसायचं माणसाने?

युसरा : फुफी म्हणते, तिच्या बकऱ्या नाहीत. मगरिबच्या नमाजाआधी ती स्वतः गोठ्याची कडी लावते. सातही मोजून.

अब्बा : आणि मुबीनने मला मातीतल्या खुरांचा फोटो पाठवला, तो? मी बघितलाय. बकरीचे खूर. मी गावात वाढलोय, तुझ्यासारखा लिफ्टमध्ये नाय.

युसरा : बरं. मग हा घ्या माझा फोन. दोन फोटो आहेत, शेजारी शेजारी. दोन्ही वनखात्याच्या पुस्तिकेतले. यातला बकरीचा खूर कुठला?

अब्बा : ह्यात काय विचारायचं? हा. डावीकडचा. टोकदार, दोन फाकी.

युसरा : नक्की?

अब्बा : खालच्या दुकानातून आपल्या गावच्या वाजिदला बोलव हवं तर, तोही हेच सांगेल.

युसरा : हे भेकर आहे. बकरी उजवीकडे.

अम्मी : दाखव. मला तर दोन्ही सारखेच दिसतायत.

युसरा : तेच तर. भेकर म्हणजे हरीणच, पण केवढं? जेमतेम बकरीएवढं. खूर तसेच, लेंड्या तशाच. आणि ते भुंकतं, कुत्र्यासारखं. फुफीने तुम्हाला सांगितलं होतं, अब्बा. तिन्हीसांजेला दगडी गडग्यापलीकडे काहीतरी भुंकतं म्हणून. मी स्पीकरवर ऐकलं होतं.

अब्बा : मुबीन म्हणाला कुत्रं आहे.

युसरा : मुबीन चाचा म्हणाले कुत्रं, आणि तुम्ही म्हणालात, बरोबर, कुत्रं. फुफी म्हणाली भेकर, तर तुम्ही म्हणालात, कुबरा, आता म्हातारपणी कान वाजायला लागले का तुझे.

अम्मी : असं म्हणालात तुम्ही? ती तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे.

अब्बा : कुठून चालायचं? सोफ्यापासून?

युसरा : सोफ्यापासून फ्रिजपर्यंत. या दोघांच्या समोरून, आडवं. आणि हळू नाही, भेकराच्या चालीने. थोडं घाबरत.

अब्बा : घाबरायचं मला येतं. लग्नाला अठरा वर्षं झाली. हुस्ना, तू फोन खाली ठेव आधी. व्हिडिओ काढशील आणि माझ्या गळ्यात तो आयुष्यभर राहील.

अम्मी : ठेवला. चला, अहो. टेबलाचा कोपरा सांभाळा.

युसरा : एक, दोन, तीन. जा. छान. मान खाली घाला, वाल खा. आता फ्रिजकडे. झालं. उठू नका, उठू नका, अजून फोटो काढतोय तो. आता उठा.

अब्बा : आतल्या बिर्याणीने जागा बदलली. दाखव काय आलं.

युसरा : थांबा, कार्ड लॅपटॉपला लावते. हा आधी महागाचा. पहिला फोटो सोफ्याजवळ, दुसरा मध्ये, तिसरा फ्रिजजवळ. अंधारातसुद्धा बनियनवरचा डाग दिसतोय. तुमचं तोंड किती गंभीर आहे, अब्बा.

अब्बा : मी वाल खात होतो. आणि हा तुझा?

युसरा : हा माझा. पहिल्या फोटोत फ्रिज.

अम्मी : दुसऱ्यात?

युसरा : दुसऱ्यात पण फ्रिज. आणि या कोपऱ्यात, हे जे पांढरं पांढरं आहे...

अम्मी : हे तुझे अब्बा आहेत?

युसरा : मागचा भाग आहे.

अब्बा : हे माझं नाय. कोर्टात उभं करा, मी सांगेन, हा माणूस मी नाय. ही उशी आहे.

युसरा : हाच त्याचा दोष आहे. काहीतरी हललं, हे त्याला कळायलाच एक सेकंद लागतो. तोवर जनावर गेलेलं. महागाचा तसा नाही, त्याला लगेच कळतं. शिवाय माझ्याच्या पुढे लाल ठिपके पेटतात, ते जनावराला दिसू शकतात. त्याचे अजिबात दिसत नाहीत.

अम्मी : मग प्रश्नच नाही. क्लिनिकमध्ये माझ्याकडे रोज चाळीस एक्स-रे होतात. पेशंट हलला, फोटो ब्लर आला, की डॉक्टर तोंड वाकडं करून परत पाठवतात. रिपीट. तिथे मी पेशंटला पुन्हा उभं तरी करते. तू भेकराला काय सांगणार, श्वास रोखून पुन्हा उभं राहा म्हणून? आणि असला फोटो मुबीनभाईंना दाखवलास तर ते म्हणतील, बघा, बकरीचा पार्श्वभाग.

अब्बा : म्हणेलच तो. मी पण म्हणालो असतो.

युसरा : माहीत आहे. तुम्ही म्हणालातच आहात.

अब्बा : किती बोलतेस गो हल्ली. बरं, ऐक. लक्ष्मीकांतभाईंना सांग, कॅमेरा आम्ही घेतला. तुझ्या ईदीला हात लावू नकोस. मी देतो.

युसरा : तुम्ही?

अब्बा : मी. मोठा भाऊ म्हणून निकाल द्यायचा तर नीट बघून द्यावा. नाय तर थांब, त्याहून सोपं आहे. शेतात भेकर शोधायचंच कशाला? तुझा स्वस्तातला सरळ कुबराच्या गोठ्याच्या दारावर लाव. बकऱ्या झोपल्या की हलत नाहीत, उशीर झाला तरी काय बिघडलं. रात्रभर कडी लागलेली दिसली, सातही आत दिसल्या, की मुबीनचं तोंड बंद. भेकर असो, ससा असो, त्याचं तो बघेल.

युसरा : हे माझ्या डोक्यात का नाही आलं? अब्बा, हे भारी आहे. शाझियाला सांगते, अब्बांनी एका मिनिटात...

अम्मी : कुणालाही काही सांगू नकोस. अहो, काय बोलताय कळतंय का? बाईच्या दारावर कॅमेरा लावणार? ती गेली बारा वर्षं त्या घरात एकटी राहते. सांगतेय की मी कडी लावते. आणि तुम्ही तिच्या कडीचा फोटो काढणार?

अब्बा : तिच्याच भल्यासाठी ना.

अम्मी : भल्यासाठी. तिच्या तोंडावर सांगा तसं, कुबरा, तू खरं बोलतेस की नाही ते बघायला तुझ्या दारावर यंत्र लावतोय. चोराच्या घरावर लावतात तसं. मग बकऱ्या राहतील तिच्या. तुम्ही तिचे राहणार नाही.

युसरा : सॉरी अम्मी. मी पण हो म्हणाले लगेच.

अम्मी : तू लहान आहेस.

अब्बा : ती माझा फोन घेत नाही, हुस्ना. तीन आठवडे झाले. मला वाटलं, रेंज नसेल.

अम्मी : माझा घेते.

अब्बा : काय म्हणते?

अम्मी : तुमचंच विचारते, सिराजभाईला गुडघ्याचं तेल मिळालं का, मी कुणाबरोबर तरी पाठवलं होतं.

अब्बा : मिळालं.

युसरा : अब्बा, तुम्ही पुन्हा एकदा चालाल?

अब्बा : आता कशाला? ठरलं ना, महागाचा.

युसरा : नाही ठरलं. मला एक सुचलंय. तुम्ही कॅमेऱ्यासमोरून आडवे गेलात, म्हणून माझा चुकला. आडवं जनावर दोन उड्यांत पार होतं. पण समजा कॅमेरा वाटेच्या कडेला नाही, वाटेच्या तोंडाशी लावला. म्हणजे जनावर त्याच्याकडेच चालत येईल. मग त्याला एक सेकंद काय, पाच सेकंद उशीर झाला तरी चालेल. समोरच असेल ते. लाल ठिपके दिसले तर मान वर करून बघेल, म्हणजे उलट बरंच, चेहरा मिळेल.

अम्मी : म्हणजे एक्स-रेत लॅटरलऐवजी फ्रंटल, बाजूने नाही, समोरून. पोझिशन बदलायची.

युसरा : तेच. अब्बा, फ्रिजकडून माझ्याकडे. सरळ. गुडघ्याला ही उशी घ्या.

अब्बा : उशी नको. भेकराला कोण देतं उशी? आलो.

युसरा : या. या. वाल इथे आहे. अजून पुढे. बास. थांबा, बघू.

अम्मी : दाखव मला पण.

युसरा : पहिल्यात अर्धे. दुसऱ्यात पूर्ण. तिसऱ्यात... अम्मी, बघ.

अम्मी : मिशीचा केस न् केस आलाय.

अब्बा : हो, हा मी आहे. कोर्टात कबूल करतो. म्हातारा दिसतोय पण मीच आहे.

युसरा : चौथ्या हिश्शाच्या किमतीत. आणि तोंड, कान, शिंगं, सगळं येईल. मुबीन चाचा काय म्हणतील याच्यावर? बकरीला अशी शिंगं असतात का?

अब्बा : एक मिनिट, वकीलबाई. इथे तुला माहीत होतं मी फ्रिजकडून येणार, कारण तूच मला पाठवलंस. तिथे शेत आहे दीड एकर. तीन बाजूंनी गडगा, खाली ओहोळ, वर करवंदीची जाळी. ते कुठून उतरतं, कुठल्या वाटेने येतं, कसं कळणार? चुकीच्या जागी बांधलास तर आठ दिवस गवत हलल्याचे फोटो घेऊन परत येशील. महागाचा कुठेही बांध, तो पकडेल.

युसरा : बरोबर. महागाच्या कॅमेऱ्याला कुणाला काही विचारावं लागत नाही.

अब्बा : मग?

युसरा : याला लागतं. गडग्यातली कुठली फट, किती वाजता, पाऊल आधी कुठे पडतं, हे ज्याला माहीत आहे, त्याला सोबत घेऊन जावं लागेल. गावात कोण आहे ज्याने ते रोज संध्याकाळी ऐकलंय?

अम्मी : कुबरा.

अब्बा : ती तुला सांगेल?

युसरा : तिला आजवर कुणी विचारलंच नाही, अब्बा. सगळ्यांनी तिला फक्त बकऱ्यांबद्दल विचारलं.

अब्बा : रविवारी बैठक आहे. आपण शुक्रवारी पोचणार. दोनच रात्री मिळतात. नाय आलं भेकर तर?

युसरा : तर तुम्ही अजून आठ दिवस थांबा. तुम्ही मोठे आहात, तुम्ही म्हणालात थांबा, तर मुबीन चाचा थांबतील.

अब्बा : शब्द दिलाय मी.

युसरा : खुराचा फोटो बघून दिलात. तो तुम्ही आत्ताच चुकीचा ओळखलात. माझ्यासमोर.

अम्मी : अहो, खरं आहे तिचं.

अब्बा : खरं आहे म्हणून तर ऐकून घेतोय. बरं. थांबायला सांगतो मुबीनला. ओरडेल तो.

युसरा : ओरडू दे. आणि अजून एक. अम्मी, तू पण ऐक. मी दोघांना सांगतेय, विचारत नाहीये.

अम्मी : सांगत आहेस?

युसरा : हो. लक्ष्मीकांत काकांचा कॅमेरा मी उद्या रसिकाकडे परत देतेय. माझा स्वस्तातलाच ठेवतेय. आणि गावी पोचल्यावर माझी बॅग मुबीन चाचांच्या मोठ्या घरात नेऊ नका.

अब्बा : म्हणजे? सगळे मोठ्या घरात उतरतात. मुबीनने खोली तयार ठेवलीय. गाव काय म्हणेल, सिराजची पोरगी कुठे उतरली?

युसरा : तेच म्हणू दे. मी फुफीकडे उतरणार आहे.