वेंडेलकाकांना न विचारता दिलेला निरोप

सन्माननीय अध्यक्ष पुरुषोत्तमकाका, व्यासपीठावरचे सत्कारमूर्ती श्री. वेंडेल ब्रिग्ज, त्यांच्या पत्नी कॅरल, आणि बटाटेवड्यांचा वास येत असूनही खुर्ची न सोडलेल्या, अमेरिकेतल्या या डब्लिनच्या मराठी मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

आधी एक विनंती. सगळ्यांनी चेहरे हसरे ठेवा आणि मागच्या बॅनरकडे बोट दाखवू नका. त्यावर ठळक अक्षरांत 'निरोप समारंभ' लिहिलंय आणि वेंडेलकाकांना मराठी वाचता येत नाही. आपल्या क्रिकेट टीमला फील्डिंग शिकवल्याबद्दल हा आभाराचा कार्यक्रम आहे, अशी त्यांची समजूत आहे. आयोवातल्या एका छोट्या बेसबॉल क्लबने त्यांना कोच म्हणून बोलावलंय. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय आणि हा माणूस रोज 'बघू' म्हणतोय. जायचंय तर आहे, पण तोंडातून हो निघत नाही. म्हणून कॅरलच्या संमतीने आपण त्यांना परस्पर निरोप देऊन टाकतोय. माझी बायको शैलजा त्यांच्या शेजारी बसून भाषांतर करतेय, म्हणजे नको ते गाळतेय. हे काम तिने माझ्या आईसमोरही उत्तम केलंय.

आता सत्कारमूर्तींचा परिचय. आपल्यापैकी निम्म्यांच्या गाड्यांचा इन्शुरन्स त्यांच्याकडे आहे, पण त्याआधी हे गृहस्थ व्यावसायिक बेसबॉलपटू होते. शॉर्टस्टॉप! दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभं राहायचं आणि अंगावर येणारा प्रत्येक चेंडू अडवायचा. खालच्या लीगमध्ये बसने गावोगाव हिंडण्यात त्यांचं तारुण्य गेलं, आणि एक उन्हाळा, फक्त एक, ते मोठ्या लीगमध्ये खेळले. पहिल्या दिवशी स्टेडियमच्या दारवानाने त्यांना ओळखलंच नाही. भिडस्तपणा किती असावा? यांनी गुपचूप तिकीट काढलं आणि प्रेक्षकांत जाऊन बसले! लाउडस्पीकरवर स्वतःचं नाव ऐकल्यावर कठडा ओलांडून मैदानात उतरले.

असा माणूस आपल्या हाती लागल्यावर आपण काय केलं? नेपरव्हिलच्या टीमविरुद्ध ओपनिंगला पाठवला. पहिलाच चेंडू जमिनीवरून घरंगळत सरळ फील्डरच्या हातात, तरी साहेब बॅट फेकून धावले. तेही समोर नाही, कव्हरच्या दिशेने, कारण बेसबॉलमध्ये पहिला बेस तिकडे असतो. समोरून विश्वासाने पळत आलेले आपले अध्यक्ष रनआउट! पुढचा चेंडू बॅटची कड घेऊन मागे बाउंड्रीकडे निघाला, सगळी टीम 'रन, वेंडेल, रन' ओरडतेय, आणि हे ढिम्म. बेसबॉलमध्ये मागे गेलेला चेंडू फाउल. पुरुषोत्तमकाका, तुम्ही त्यांना माफ केलंय ना? मान नक्की कुठल्या दिशेला हलवलीत ते इथून दिसलं नाही.

मग आपण बॅट काढून घेतली आणि मुलांची फील्डिंग त्यांच्याकडे सोपवली. दर शनिवारी ग्राउंडवर आधी ते पोचायचे, नंतर आपण. कॅरल म्हणते, खेळ सुटल्यापासून त्यांचा ग्लव्ह गॅरेजमध्ये पडून होता. त्या आठवड्यात त्यांनी तो बाहेर काढला आणि तेल लावलं.

कोणी विचारेल, नुसत्या निरोपाने माणूस जातो का हो? अतुलला विचारा. दूर शुगर लँड शहरात नोकरी लागली म्हणून आपण त्याला इथेच शाल-श्रीफळ दिलं आणि दुसऱ्याच दिवशी नोकरी कॅन्सल झाली. आपल्यापैकी कोणी भेटू नये म्हणून बिचारा महिनाभर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन भाजी आणत होता! अतुल, हस यार, जुनं झालं आता. तात्पर्य, आपल्याकडे नारळ हातात पडलेला माणूस गावात राहू शकत नाही.

आता मी जरा गंभीर होतो. शैलजा, इथून पुढे काहीही गाळू नकोस.

वेंडेलकाका, तुम्ही का अडलात ते कॅरलने आम्हाला सांगितलं. मोठ्या लीगमधून तुम्हाला परत पाठवलं, त्या दिवशी मॅनेजरने खोलीत बोलावलं आणि बॅग भर म्हणाला. तुम्ही बॅग भरत होतात तेव्हा अख्खी टीम मान खाली घालून बुटांच्या नाड्या बांधत होती. कोणी साधं बायसुद्धा म्हणालं नाही. पुन्हा तसंच झालं तर, ही भीती तुमच्या मनात आहे. झालं तर झालं! पण यावेळी तुम्हाला कोणी पाठवत नाहीये, कोणीतरी बोलावतंय. आणि आमच्याकडून तुम्ही गुपचूप जाणार नाही. हा बॅनर तुमच्या निरोपाचा आहे. तुम्ही गेलात की मला फार वाईट वाटेल, आमची टीम पहिल्यापेक्षा वाईट खेळेल, तरी जा.

काय म्हणतायत, शैलजा? मोठ्याने सांग.

शनिवारी मुलांची प्रॅक्टिस कोण घेणार, असं विचारतायत. मी घेईन. वाईट घेईन, पण घेईन. कॅरल, हा होकारच झाला ना? झाला!

अध्यक्षांचे, वडे तळणाऱ्यांचे आणि गुपित पोटात ठेवल्याबद्दल आपल्या सर्वांचे आभार. थट्टेच्या भरात काही जास्त बोललो असेन तर मोठ्या मनाने सोडून द्या. आणि जेवणाकडे वळू नका अजून, वेंडेलकाका खाली उतरलेत, एकेकाशी हात मिळवत येतायत. सगळे उभे राहा. मान खाली कोणीही घालायची नाही.