तिसऱ्याचा विमा

सावरून बसा मंडळी! मागचे जरा पुढं सरका. खांबाला टेकलेल्यांनी झोपू नका, आणि पेटीवाल्यांनी तर अजिबात नाही!

आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याची देवावर श्रद्धा आहे, त्यानं विमा काढावा की काढू नये? काढला तर श्रद्धा कच्ची — असं म्हणायचं का? आणि नाही काढला तर पक्की? हसता काय! याच प्रश्नापायी एका गावच्या गणपतीला वीतभर व्हावं लागलं. कसं ते ऐका.

देवरुखच्या पलीकडं एक गाव. गावात भिवा कुळये. धंदा झाडं तोडण्याचा. घरावर वाकलेली फांदी असो, तारेला टेकलेला माड असो — बोलवा भिवाला! कुणाचा नोकर नाही, कुणाचा मालक नाही. ठेकेदार तोच, कामगारही तोच. बरं, माणूस देवभोळा. नमस्कार केल्याशिवाय झाडाला हात लावणार नाही. आणि तोंडात कायम एकच वाक्य — देव बघून घेईल. दोर जुना झालाय रे भिवा? देव बघून घेईल. अहो, देवाला तरी दुसरी कामं आहेत की नाहीत?

एक दिवस सुलभाताई शेट्ये आल्या. ताई विम्याचं काम करणाऱ्या. विमावाला दिसला की वाडी कशी रिकामी होते, हे मी तुम्हाला सांगायला नको! पण भिवा होता झाडावर. पळतो कुठं? ताई खाली बुंध्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा ताई, फांदी पडंल डोक्यावर."

"पडली तर माझा खर्च कोण करणार?"

"देव बघून घेईल."

"त्याचंच बोलायला आलेय. खाली या."

उतरला बिचारा. ताई सांगू लागल्या, "भिवादादा, तुमच्या हातापायांचा विमा वेगळा, करवतीचा वेगळा, आणि तिसऱ्याचा वेगळा."

"आता हा तिसरा कोण?"

"पहिले तुम्ही. दुसरी आमची कंपनी. आणि तिसरा म्हणजे ज्याच्या घरावर, गाडीवर नाहीतर डोक्यावर तुमची फांदी पडेल तो. त्याची भरपाई कंपनी करते."

"हप्ता किती पडंल त्याचा?"

"तुम्ही उंचावर काम करता, म्हणून जरा जास्त. पण वर्षाला एका मोठ्या फणसाच्या तोडणीचे जातील, त्याहून जास्त नाही."

भिवानं तो फणस मनातल्या मनात उभा केला, त्यावर चढला, तो तोडला — आणि सगळी मजुरी दुसऱ्याच्या डोक्यापायी गेलेली बघून मनातल्या मनातच खाली उतरला.

"ताई, डोकं त्याचं, तर हप्ता त्यानं भरावा. मी का भरू?"

"मग काहीच नको?"

"नको कसं? करवतीचा काढा." नवी कोरी मोटरची करवत होती हो! रात्री उशाशी घेऊन झोपायचा. "ती पडली-बिडली तर काय करू?"

"करवत पडली तर देव नाही बघणार?"

"देवाला यंत्रातलं काय कळतंय ताई?"

आलं लक्षात? लोकांची डोकी देवाच्या भरवशावर, आणि करवत कंपनीच्या!

आला श्रावण. गावात नाना पांचाळांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची शेड. घराघरानं आपापला पाट नानांकडं पोचवलेला, प्रत्येक पाटावर मूर्ती बसलेली, अख्खी शेड शाडूच्या गणपतींनी भरलेली. नानांची वर्षाची मीठभाकर तेवढीच. आणि शेडवर काय? जुन्या आंब्याची एक मोठी फांदी वाकलेली! वाऱ्यात पडायची, म्हणून नानांनी बोलावलं भिवाला.

नाना म्हणाले, "दोन दिवस थांब. मूर्ती ओल्या आहेत. वाळल्या की पडवीत हलवतो."

"उद्या साखरप्याला काम घेतलंय नाना. दोर बांधतो की."

"एकच?"

"देव बघून घेईल. तुमच्या शेडीत तर सगळे देवच बसलेत."

चढला! करवत घरघरली, दोर एका अंगानं ताणला, फांदी कडाडली — आणि दुसऱ्या अंगानं फिरून थेट पत्र्यावर! पत्रे, वासे, फळ्या, गणपती, सगळ्याचा एक चिखल. आत माणूस नव्हतं, एवढी त्याची कृपा. फांदी पडू नये म्हणून बोलावलेल्या माणसानंच ती पाडली, आणि तीही मजुरी ठरवून!

भिवा घाईघाईनं खाली उतरला. पण सवय कुठं जाते? तोंडातून निघालंच, "घाबरू नका नाना. देव बघून घेईल."

नाना चिखलात बसले होते. एका गणपतीचं डोकं तेवढं शाबूत राहिलं होतं. ते त्यांनी उचलून भिवासमोर धरलं.

"बघणार कसा, भिवा? डोळे मी शेवटी आखतो. यांचे अजून आखायचे होते."

… तबला राहू द्या जरा.

भिवा करवत घेऊन सुलभाताईंकडं धावला. ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "करवतीला काही झालंय?"

"ओरखडासुद्धा नाही."

"मग काही मिळणार नाही."

भिवानं करवत डोक्याच्या वर उचलली. "आपटू?"

"आपटा. खोटेपणा पकडला तर करवत गेली, नाही पकडला तर करवत मिळाली. नानांची शेड कशातून उभी राहणार?"

करवत हळूच खाली आली. भिवाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. त्यानं ती करवत विकली. त्यातून पत्रे आणले, शाडू आणली, आणि झाडावरचा माणूस श्रावणभर नानांच्या अंगणात माती मळत बसला. वेळ थोडा, माती थोडी, म्हणून त्या वर्षी घरोघर गणपती वीतभर! पुरुषभर उंचीचं मखर, आणि लोक आरतीच्या आधी वाकून बघायचे — आहे ना आत?

भिवाच्या घरच्या मूर्तीचे डोळे नानांनी सगळ्यांच्या शेवटी आखले. भिवा समोरच बसला होता. देवानं डोळे उघडले आणि त्याला पहिला दिसला कोण? भिवा! त्याला काही मान वर करवेना.

गौरी-गणपती आटोपल्यावर गडी आपणहून ताईंकडं गेला. हातात कुऱ्हाड, करवत नाहीच. "ताई, तिसऱ्याचा काढा. नानांचं नाव घाला."

"नाव लागत नाही भिवादादा. तो कोण असेल, कुठं असेल, ते आधी कुणालाच ठाऊक नसतं."

मंडळी! ज्याचं नाव सांगता येत नाही, जो कुठंही असू शकतो — हे वर्णन आपण रोज हात जोडून कुणाचं करतो? मग त्याच्यासाठी एका फणसाची मजुरी गेली, तर श्रद्धा कच्ची झाली का हो?

आता वळतो तुमच्याकडं. इथं वायरमन बसलेत, जेसीबीवाले बसलेत, हा मांडव घालणारेही बसलेत. — वर काय बघता! आता बघून काय होणार? श्रद्धा ठेवा, माझी ना नाही. पण भिवासारखी नको. स्वतःची करवत उशाशी, आणि देव दुसऱ्याच्या पत्र्यावर! "देव बघून घेईल" खुशाल म्हणा. फक्त आपल्या फांदीखाली जो उभा आहे, त्याच्या तोंडाकडं बघून म्हणा. म्हणवतं का, ते सांगा मला.